मोकळी भुई

कोणाच्याही घरात शिरली की ती आधी मधोमध फतकल मारून बसायची. पाणी नको, चहा नको. बसल्या जागेवरून मान फिरवून चारी भिंती बघायची, वितीनं जमीन मोजायची आणि मग म्हणायची, "भुई मोकळी ठिवा, बाई. भुई मोकळी असली की माणूस टेकतंय."

मी शिक्षिका म्हणून नांदूरघाटला रुजू झाले त्या दिवशीच हे वाक्य मला ऐकावं लागलं, आणि खरं सांगते, रागच आला. गावच्या सोसायटीनं खताच्या गोदामामागं जादा पोती ठेवायला तीन खोल्या काढल्या होत्या. दुष्काळात पेरण्याच हुकल्या, खत यायचं बंद झालं, तेव्हा त्यातली एक मला भाड्यानं मिळाली. नऊ बाय दहा. एक दार, एक खिडकी आणि भिंतींना मुरलेला युरियाचा वास. तिच्यात मी आईनं हौसेनं दिलेलं लोखंडी कपाट, पलंग, टेबल आणि दोन खुर्च्या टेम्पोतून उतरवल्या. पाय ठेवायला जागा उरली नाही. तेवढ्यात समोरच्या पत्र्याच्या खोलीतली ही म्हातारी न बोलावता आत आली आणि उरलेल्या वीतभर जागेत बसली.

"एवढं कावून आणलं, बाई? तुमी कुठं ऱ्हानार?"

"लागतं सगळं, मावशी."

"लागतंय की. पर समदं भुईवरच कावून? भिती मोकळ्याच हायत."

दोन दिवस तिनं माझ्या खोलीचा ताबा घेतला. मी आपली बघत राहिले. आधी दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं फिरवून घेतलं आणि दाराआड जी जागा वाचली तिथं कपाट बसवलं. पलंगाच्या पायांखाली दोन-दोन विटा सरकवल्या, की खाली ट्रंक आणि धान्याचे डबे गेले. आढ्याला दोन दोऱ्या बांधून बांबूची दांडी टांगली. दिवसा तिच्यावर अंथरूण, त्यावर धुतलेली चादर. चुन्यात चिमूटभर नीळ घालून भिंती पोतून घेतल्या आणि आरसा खिडकीसमोर लावला. "उजेड दोनदा येतोय बघा," म्हणाली. एक खुर्ची तिनं शाळेला देऊन टाकायला लावली. "तुमी एकल्या. दोन खुर्च्यांवर कशा बसणार?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीच्या मध्यभागी चार माणसं जेवायला बसतील एवढी जमीन रिकामी झाली. तेव्हा मात्र माझा राग गेला.

हे सगळं ती शिकली कुठं, असं मी विचारलं. तिनं डोळे मिचकावले. "कोपीत."

ऊसतोडीला जाणाऱ्यांची कोपी तुम्हीही रस्त्यावरून पाहिली असेल. बांबूच्या कामट्या, वर पाचट. आत चूल, धान्य, झोळीतलं लेकरू, दोन माणसं आणि त्यांचा कोयता. पंचवीस हंगाम तिनं अशा कोप्या मांडल्या आणि मोडल्या. कारखाना बदलला की फड बदलायचा, कोपी नवी, पण कुठली वस्तू कुठल्या कामटीला टांगायची हे ठरलेलं. नंतर नवरा गेला आणि तिचं जाणंच बंद झालं. आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस अर्धा कोयता, त्याला मुकादम टोळीत घ्यायला कुरकुरतो. आता तिचा मुलगा आणि सून जायचे आणि ती मागं राहायची. नातीसाठी.

नात माझ्याच वर्गात होती, चौथीत. तिला कोपीत जाऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट म्हातारीनं आयुष्यात धरून ठेवली होती. "एकदा गेली की तिथलीच हून बसती, बाई. मी पायलंय. आदी पाणी आणायला, मंग भाकरी थापायला, मंग लगीन." तिची खोली माझ्याहूनही लहान. पण आत गेलं की छाती दडपायची नाही. टिपाडावर, म्हणजे पाण्याच्या पिंपावर, फळी टाकली की पोरीचं टेबल व्हायचं, पाणी काढताना फळी भिंतीला उभी. दप्तराला खुंटी, पाटीला खुंटी, कंदिलाला खुंटी. आणि मध्ये अगदी दोन वाकळा अंथरता येतील एवढी जमीन. "एक तिची, एक माजी," ती वितीनं मोजून दाखवायची.

दुष्काळाच्या त्या दिवसांत तिला भारीच मागणी आली. टँकर येईल त्या दिवशी मिळेल तेवढं भरून ठेवायचं, म्हणजे घराघरात टिपाडं. ती कुठं ठेवायची हे गल्लीतल्या बायका तिलाच विचारायच्या. सोसायटीच्या चेअरमनबाईंनी एकदा नवा सोफा दाखवायला तिला बोलावलं. ही सवयीप्रमाणे जमिनीवर बसली, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, "चांगलाय. बाहीर काढा." बाई महिनाभर बोलल्या नाहीत. पुढं टँकर आठवड्यावर गेला, हॉलमध्ये टिपाडं आली आणि सोफा आपोआप ओसरीत गेला. आम्ही दोघी त्यावरून किती हसलो असू.

दिवाळीनंतर माझी बदली सिरसाळ्याला झाली. त्याच आठवड्यात उंदरांनी नातीची दोन पुस्तकं कुरतडली आणि पोर वर्गात रडली. सिरसाळ्याच्या खोलीत घरमालकाचं कपाट, पलंग, टेबल आधीच होतं. मला वाटलं, आपलं कपाट हिलाच द्यावं. चार माणसांनी ते उचलून तिच्या खोलीत नेलं. तिच्या दारामागं जागा नव्हती, बाकी भिंतींना टिपाडं होती. ते मधल्या भुईवरच बसलं.

ती उंबऱ्यात उभी होती. तिनं वाकून उरलेली जमीन वितीनं मोजली. पुन्हा एकदा मोजली. मग कपाटावरून हात फिरवला. "लई चांगलं हाय, बाई. पोरीची पुस्तकं ऱ्हातील." भुईचं काही बोलली नाही. ते माझ्या ध्यानातही आलं नाही. मी माझ्याच दानतीवर खूश होते.

पौषात ती गेल्याचं कळलं. थंडीनं छाती भरली होती. मी पोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता. मुलगा आणि सून फडावरून आले होते, परत निघायच्या तयारीत होते. मी खोलीत डोकावले. टिपाडं, चूल, माझं कपाट आणि मध्ये एकच वाकळ.

"आजी कुठं निजायची गं?" मी नातीला विचारलं.

"बाहीर, वळचणीला. म्हणायची, आत उकडतंय."

पौषात. शेजारीण माझ्या मागं उभी होती, ती म्हणाली, "आमी म्हणलं, कपाट बाहीर ठिव आन् तू आत निज. तर म्हणली, बाईनं दिलंय, बाईला काय वाटंल? आन् पोरीची पुस्तकं उंदरं खात्याल." गल्लीतल्या प्रत्येक घरातलं सामान जिनं बाहेर काढायला लावलं, तिला माझं कपाट हलवता आलं नाही. मी बाई होते, तिच्या नातीची बाई. हे मी कुणाला सांगत नाही, पण त्या कपाटानं तिला थंडीत बाहेर निजवलं आणि ते मी दिलं होतं.

नातीनं कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात पुस्तकं, जुन्या कागदाची कव्हरं घातलेली, एकाचाही कोपरा दुमडलेला नाही. ती तिनं वाकळेत बांधली. सून डोळे पुसत म्हणाली, "आता कुणाजवळ ठिवायची, बाई? न्यावंच लागतंय."

माझ्याजवळ ठेवा, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. खरंच आले होते. पण त्याच क्षणी सिरसाळ्याची खोली डोळ्यांपुढं आली. तो पलंग, ते टेबल, घरमालकाचं कपाट. ही निजणार कुठं, अभ्यासाला बसणार कुठं, याचा मी हिशेब करत राहिले. तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. पोर ट्रॉलीत चढली. वाकळेचं गाठोडं मांडीवर घेऊन माझ्याकडं बघत होती, काही मागत नव्हती. मी हात हलवला.

सिरसाळ्याला परतल्यावर मी दुसऱ्याच दिवशी घरमालकाला त्याचं सामान न्यायला सांगितलं. टेबल गेलं, पलंग गेला, कपाट गेलं. मी दांडी टांगली, फळ्या ठोकल्या, सगळं भिंतीवर चढवलं. मग मुकादमाला गाठून टोळी कुठल्या कारखान्याला आहे ते विचारलं आणि पत्र टाकलं, पोरीला पाठवा म्हणून. उत्तर आलं नाही. पुढच्या हंगामात कळलं, ती आता भाकरी चांगल्या थापते.

त्यानंतर किती खोल्या बदलल्या. येणारे विचारतात, बाई, मध्ये एवढी जागा रिकामी का ठेवता? मी म्हणते, असू द्या. दोन वाकळा अंथरता येतील एवढी ती आहे. मी मोजलेली आहे.