बंद भट्टीचा धूर

ती धूर ओकणारी चिमणी अजूनही डोळ्यांपुढून हलत नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मोहाडी भागातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. गावाचं नि माणसांचं नाव सांगणार नाही. त्यांची लेकरंबाळं आजही तिथेच नांदतात.

सकाळची हजेरी चालू होती. जवळच्या एका गावचे पोलीस पाटील सायकल दामटत आले, दुपट्ट्याने घाम पुसला आणि म्हणाले, "साहेब, अमोशाच्या आत येऊन जा जी. नाई तं त्या बाईले लोकं जित्ती ठेवत नाई."

बाई म्हणजे पन्नाशीची एक विधवा. गावाबाहेर कवेलूची, म्हणजे घरावरच्या कौलांची, जुनी भट्टी होती. तिचा नवरा तिथे काम करताना जळून मेला आणि भट्टी कायमची बंद पडली. बाई भट्टीला लागूनच्या घरात एकटी राहत होती. दिवाळीनंतर मात्र रोज दिवेलागणीला त्या बंद भट्टीच्या चिमणीतून धूर निघू लागला. सकाळी सडा टाकायला बायका उठल्या की अंगणभर काळी राख. पाण्याच्या हंड्या-गुंडांवर राख, वाळत घातलेल्या धोतरांवर राख. साऱ्या गावात पडायची, फक्त त्या बाईचं अंगण स्वच्छ. तिनेच नवऱ्याचं भूत जागवलं, असं गावाने ठरवून टाकलं होतं.

मी गावात जाऊन ती राख बोटांत चोळून पाहिली. "पाटील, ही तर कोंड्याची राख. भूत कधीपासून धानाचा कोंडा जाळायला लागलं?"

पाटील हसले नाहीत. "भट्टीत कोंडाच जाळत होते जी. त्याले दुसरं काय ठाऊक राहीन?"

भुताखेतांना मी कधी भीक घातली नाही. पण खरं सांगतो, अंगावर काटा आला.

कोंडा म्हटलं की राईस मिल, आणि ती भट्टीपासून हाकेच्या अंतरावर होती. मालक मोठा गोडबोल्या. खुर्ची दिली, चहा मागवला आणि मी काही विचारायच्या आतच भिंतीवरचं प्रदूषण खात्याचं संमतीपत्र दाखवलं. हवा प्रदूषणाचा कायदा तेव्हा नवा होता. गिरण्या-कारखान्यांचे त्यात वर्ग पाडलेले. नुसतं धान भरडणारी गिरणी लहान वर्गात. तिला धूर नाही म्हणून कटकटही नाही. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायचा तर धान वाफवायला कोंड्याची भट्टी लागते. मग वर्ग मोठा, ठरल्या उंचीची चिमणी, राख अडवायचं यंत्र आणि वरून तपासणी.

"आपली गिरनी लहान वर्गातली, साहेब. माह्या गिरनीले चिमनीच नाई. फिरून पाहा."

फिरून पाहिलं. खरंच चिमणी नव्हती. पण मी अजून धुराचा शब्दही काढला नव्हता, आणि न विचारता उत्तर देणारा माणूस नोकरीत पुष्कळ पाहिला होता.

संध्याकाळी पाटील नि एका शिपायाला घेऊन भट्टीवर गेलो. वर चिमणी भकाभका धूर ओकत होती. वाकून आत शिरलो तर सगळीकडे कोळिष्टकं, जमीन ओली नि थंडगार. काडीचीही आग नाही. चिमणीच्या बुडाशी मात्र काहीतरी घुमत होतं, तापातला माणूस कण्हतो तसं. शिपाई रामनाम घेऊ लागला. पाटलांनी मेलेल्याचं नाव घेऊन हात जोडले. मी विटांना हात लावला आणि चटका बसून मागे ओढला. भट्टी गार आणि चिमणी गरम! अरे, धूर आहे तर आग कुठेतरी असणारच.

सकाळी चिमणीच्या बुडाशी खोदायला गावातला एकही गडी कुदळ धरेना. शेवटी शिपायांनीच खोदलं. तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाखाली फरशा निघाल्या आणि फरशांखाली विटांचं भुयार. ते थेट गिरणीमागच्या कुलूपबंद गोदामात गेलं होतं. आत धान वाफवायचे हौद होते, भट्टी होती आणि निखारे अजून लाल होते.

मालकाला ठाण्यात आणलं, बाकावर बसवलं आणि दुपारपर्यंत काहीच विचारलं नाही. शेवटी तोच बोलू लागला. मोठ्या वर्गाची झंझट नको होती. भट्टीकडे भीतीने कोणी फिरकत नव्हतं, म्हणून तिची चिमणी बरी वाटली.

"आणि बाईचं नाव पहिल्यांदा कोणी घेतलं?"

तो खाली पाहत म्हणाला, "लोकं इचारून राहिले होते साहेब, धूर कुठून येते म्हनून. कोनाचं तं नाव घ्या लागत होतं."

त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं वाटलं. हात आवरला. चिथावणीचा गुन्हा नोंदवला, संमतीपत्राचं प्रकरण संबंधित खात्याकडे पाठवलं आणि गावकऱ्यांना भुयारापाशी नेऊन सगळं दाखवलं. चिमणी उंच, त्यामुळे राख जवळच्या घरावरून पुढे जाऊन गावात पडते, हेही समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

परतताना पाटील जीपजवळ आले. भुयारात स्वतः उतरलेला माणूस. हळूच म्हणाले, "ते सगळं खरं हाये जी. पन तिचंच घर सोडा म्हनून वाऱ्याले कोनं सांगतलं?"

पाटलासारखा माणूस असं विचारतो, तर बाकीच्यांच्या मनात काय असेल? दुसऱ्याच दिवशी जीप घेऊन गेलो आणि बाईला तिच्या लेकीकडे करडीला पोहोचवायला निघालो. मालक जामिनावर सुटून आपल्या दारात उभा होता. लोक त्याला रामराम करत होते. बाईने गाठोडं मांडीवर घेतलं आणि मला विचारलं, "साहेब, धूर त्याचा, मंग गाव मी काहून सोडून राहिली?"

त्यानंतर कुठलाही गुन्हा उघडकीला आला की मी तिथेच थांबलो नाही. ज्याच्यावर खोटा आळ आला होता त्याच्या दारी महिन्याभराने पुन्हा जायचो आणि शेजारी त्याच्या घरचं पाणी पितात का, ते पाहायचो.