मागे बघायचं काम कंडक्टरचं

एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेल्या या गृहस्थाला डेपोत सगळे ‘नाकासमोर’ म्हणत. तो हा गौरव समजे. धंद्याचा नियमच तसा होता: पुढचं जग ड्रायव्हरचं, मागचं कंडक्टरचं. मागे मारामारी होवो की बाळंतपण, त्याची मान वळत नसे. घंटा एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. संसारही त्याने याच पद्धतीने केला. मुली मोठ्या झाल्याचं त्याला लग्नपत्रिका छापून आल्यावर कळलं, असं बायको सांगे. त्याच्या मते ही अतिशयोक्ती होती. थोरलीचं आधी कळलं होतं.

निवृत्तीनंतर मुलींनी दोघांना समुद्रकाठच्या रस्त्याने फिरायला आठ दिवसांसाठी मोटरहोम भाड्याने घेऊन दिली. मागे पलंग, ओटा, बेसिन. पुढे दोन खुर्च्या. डेपोने निरोपाला दिलेली जुनी पितळी घंटा त्याने पहिल्याच दिवशी आपल्या डोक्यावर टांगली आणि तिची दोरी छताखालून थेट पलंगापर्यंत नेली. दुसऱ्या दिवशी बायकोने त्या दोरीवर ओला टॉवेल वाळत घातला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “अहो, आज मी पुढे बसू?”

“केबिनमध्ये प्रवासी बसत नाहीत.”

“मी प्रवासी?”

“नियम सांगतोय.”

“मग त्या खुर्चीवर कोण बसलंय?”

खुर्चीवर नकाशा, पाण्याची बाटली आणि त्याचा डबा असे तिघे बसले होते.

“मागच्या खिडकीतून सगळं निघून गेल्यावरच दिसतं हो,” एवढं बोलून ती मागे गेली. अबोला सुरू झाला.

दहाच्या सुमाराला त्याने कड्यावरच्या एका वळणावर इंजिन गार करायला गाडी थांबवली. खिडक्या उघड्या होत्या आणि वारा पिसाळल्यासारखा सुटला होता. तो अर्थातच जागेवरून हलला नाही. पाचेक मिनिटांनी डोक्यावर घंटा वाजली. टण्, टण्. त्याने आरशात बघितलं, गिअर टाकला आणि निघाला.

पुढचे पस्तीस किलोमीटर एकापेक्षा एक देखणे होते. अबोला टिकून होता. विसाव्या किलोमीटरला त्याचंही मन विरघळलं. “अगं, बरं बाई, चुकलं माझं,” तो समोर बघत म्हणाला. “उद्या बस पुढे.” उत्तर आलं नाही. बायकोचा राग जुना आहे, उतरायला वेळ लागतो, हे त्याला ठाऊक होतं.

मग तिचा फोन वाजू लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. “अगं, फोन!” तरी वाजतच राहिला, तेव्हा त्याने गाडी कडेला घेतली आणि मान वळवली.

पलंगावर फोन होता. ओट्यावर चहाचा उष्टा कप होता. दोरीवरचा टॉवेल वाऱ्याने फडफडत होता आणि फडफडताना घंटा वाजवत होता. टण्, टण्.

बेसिनखालचं कपाटही त्याने उघडून पाहिलं. त्यात एक मांजर मावलं असतं. एकतीस वर्षांत तो स्टॉपवर स्वतःची छत्रीसुद्धा विसरला नव्हता, आणि आज कड्यावर बायको विसरला होता. बिनफोनची. चावी तीनदा हातातून पडली.

परतीच्या वाटेवर त्याला समुद्र दिसलाच नाही. कड्याची कड तेवढी दिसत होती, आणि प्रत्येक वळणाखाली लाटा दगडांवर कशा आपटतात ते.

एका अरुंद वळणावर समोरून बस आली. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. बसच्या भल्यामोठ्या काचेमागे, ड्रायव्हरशेजारच्या पहिल्या सीटवर, मांडीवर हात ठेवून त्याची बायको बसली होती. सगळा समुद्र आपल्या नावावर केल्यासारखी.



बसच्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. “काका, रिव्हर्स घ्या! जागा तुमच्या मागे आहे.”

कड्याच्या रस्त्यावर, इतकी लांब गाडी, आणि मागे कोणी नाही. तो तसाच बसून राहिला. तेव्हा बायको सावकाश बसमधून उतरली, त्याच्या खिडकीखालून गेली आणि मोटरहोमच्या मागे जाऊन उभी राहिली.

“येऊ द्या!”

त्याने आरशावर विश्वास ठेवला नाही. अर्धा बाहेर वाकून, मान पिरगाळून तिच्याकडे बघत राहिला.

“येऊ द्या... येऊ द्या... बास!”

बस निघून गेली. ती पुढच्या दाराने चढली, खुर्चीवरचे तिन्ही प्रवासी मागे पलंगावर नेऊन टाकले आणि बसली.

“किती वेळाने कळलं?”

“पस्तीस किलोमीटर,” तो म्हणाला. खोटं बोलण्याइतकं त्राण उरलं नव्हतं. “पण मी तुझी माफी मागितली होती.”

“कधी?”

“तू नव्हतीस तेव्हा.”

त्याने चावी फिरवली. तिने हात वर करून घंटेला एकच टोला दिला.

त्याने इंजिन बंद केलं.