नजरेचं माप

पॉलिशवाली काकू चिडली की गल्लीतली माणसं पलीकडच्या बाजूनं जायची. आणि ती चिडायची रोज. का चिडू नये, तुम्हीच सांगा! नवरा सुतार, नावाजलेला मिस्तरी. तो टेबलं, कपाटं, खुर्च्या ठोकून मोकळा व्हायचा आणि ही जमिनीवर उकिडवी बसून पॉलिश पेपरनं सगळं घासत राहायची. संसार गेला तिचा त्या भुशात. गिऱ्हाईक यायचं, लाकडावरून हात फिरवायचं आणि म्हणायचं, "वा मिस्तरी, काय हात आहे तुमचा!" मिस्तरी मिशीतल्या मिशीत हसायचे. हात कुणाचा होता ते काकूच्या कमरेला विचारायचं.

खुब्याचं दुखणं तिनं कितीतरी वर्षं अंगावर काढलं. आधी नुसती जांघेत कळ यायची, मग जिना चढवेना, मग चप्पल घालायला पाय उचलेना. मिस्तरींचं औषध ठरलेलं होतं, "वय झालं गं, तेल लाव." अहो, तेलानं लाकूड चमकतं, झिजलेलं हाड भरून येतं होय? शेवटी लेक रजा टाकून आली आणि आईला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. खुब्यातला गोळा आणि त्याची वाटी, दोन्ही झिजलेले. हाडावर हाड घासत होतं, बदलण्यावाचून इलाज नव्हता.

"घासणं काही माझं सुटत नाही," काकू म्हणाली.

मग तपासण्या सुरू झाल्या. रक्त तपासलं, छाती तपासली, आणि एक दिवस म्हणतात, तोंड उघडा, दात बघायचेत. काकूचा पारा चढला. "दुखतोय खुबा आणि बघताय दात! उद्या नखं बघाल." डॉक्टर बिचारे शांत होते. किडक्या दातातले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जातात, मग तो सांधा परत काढावा लागतो, असं त्यांनी समजावलं. किडकी दाढ निघाली. काकू सुजलेल्या गालानं चार दिवस घरादाराला शिव्या देत होती.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. तिनं नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, "घर आधी तयार ठेवा. पायपुसणी उचला, कमोड उंच करून घ्या. आणि हात असलेली उंच खुर्ची हवी. बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. सुरुवातीला नवा सांधा निसटू शकतो. निसटला तर पुन्हा इथंच यावं लागेल. काकांनी काकूंचं माप घेऊनच खुर्ची करावी."

"अहो ताई, सुतार आहे मी," मिस्तरी हसले. "माप काय घ्यायचंय? नजरेत आहे माझ्या."

खरं सांगायचं तर काकू त्या दिवशी खूश होती. त्या घरात पहिल्यांदाच एखादी वस्तू तिच्यासाठी होणार होती.

ऑपरेशनच्या दिवशी पाठीत इंजेक्शन दिलं आणि कमरेखालचं अंग तिचं राहिलंच नाही. समोर हिरवा पडदा. अर्धवट गुंगीत तिला करवतीचा आवाज आला, मग ठकठक, ठकठक. "इथंही तेच!" ती पुटपुटली, तेव्हा भूल देणारी डॉक्टरीण हसून म्हणाली, "झोपा काकू, आमचे मिस्तरी चांगले आहेत."

दुसऱ्याच दिवशी त्या व्यायामवाल्या मुलीनं तिला वॉकर देऊन उभं केलं. काकू किंचाळली, घाम फुटला, पण जांघेतली ती जुनी कळ गेली होती. जखम ठणकत होती ती वेगळी. रक्त गोठू नये म्हणून पोटात सुया, पायात घट्ट मोजे, झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. तिनं सगळं शहाण्या पोरीसारखं शिकून घेतलं. पुन्हा त्या टेबलावर तिला जायचं नव्हतं.

घरी आली तर दारात मिस्तरी उभे, चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्यासारखा आनंद. खोलीत मधोमध खुर्ची. सागवानी, हातांना सुंदर गोलाई, पॉलिशही स्वतः केलेलं. शेजारी बघायला जमले. काकूच्या डोळ्यांत पाणी आलं, हे तिनं नंतर कधीच कबूल केलं नाही.

शिकवल्याप्रमाणे ती मागे सरकत गेली. पायांना लाकूड लागलं. ऑपरेशनचा पाय पुढे केला, खुर्चीचे हात धरले आणि खाली गेली. खाली, अजून खाली. बैठक येईच ना.

"आई, थांब!" लेक ओरडली.

काकू अधांतरी, सगळा भार दोन्ही हातांवर, खुब्यात ताण. लेकीनं काखेत हात घालून तिला वर ओढलं. वॉकर धरून उभी राहिली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"सगळ्यांना हीच उंची लागते," मिस्तरी चाचरत म्हणाले. "उशी ठेवू का?"

आणि काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सगळ्यांना? मी सगळे आहे का हो? तुमच्यापेक्षा वीतभर उंच बायको आहे, ती नजरेत नाही बसली? त्या बंगल्यावाल्याच्या कुत्र्याला निजायला पेटी करायची होती, तर त्या कुत्र्याला चार वेळा मोजलंत! शेपटीसकट! आणि मला नजरेनं? पुन्हा फाडलं असतं मला त्यांनी. उशी ठेवतात म्हणे!"

शेजारी एकेक करून सटकले. मिस्तरींची मान खाली गेली. "चुकलं," ते म्हणाले.

"चुकलं म्हणून खुर्ची वाढत नाही. टेप आणा."

ते टेप घेऊन आले आणि तिच्या पायाशी गुडघे टेकून बसले. टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत टेप लावला. पुन्हा लावला.

"साडेअठरा इंच," ते म्हणाले आणि सवयीनं कानावरची पेन्सिल काढून खुर्चीच्या पाठीमागे आकडा लिहायला वळले.

"लिहू नका," काकू म्हणाली. "पाठ करा."