पिंजऱ्यामागच्या दाराची खरी नोंद

सेवेतली बरीच प्रकरणे आता पुसट झाली आहेत. तो एक रविवार मात्र तसाच समोर उभा राहतो.

मी तेव्हा अकोल्यात उपनिरीक्षक होतो. साप्ताहिक सुट्टी मिळाली म्हणून पत्नी आणि दोन लहान मुलांना घेऊन आमच्याच हद्दीतल्या छोट्या प्राणिसंग्रहालयात गेलो. आज ते बंद झाले आहे. थोडी हरणे, मोर, माकडे, एक अजगर आणि एक बिबट्या, एवढाच कारभार. मुले माकडांपुढून हलेनात. त्यांना बिबट्या अगदी जवळून दाखवायची हौस माझीच. हद्दीतल्या फौजदाराला नाही कोण म्हणणार? देखभाल करणाऱ्या रोजंदारी कामगाराने पिंजऱ्यामागच्या गल्लीचे दार उघडून दिले. जनावराला मांस टाकायची ती वाट. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गज, मध्ये जेमतेम दोन हात जागा.

बिबट्या पाहताच मुले रडू लागली. तेवढ्यात कामगाराला कोणी हाक मारली. जाता जाता तो म्हणाला, "साहेब, निघताना कडी लावजा बरं."

"हो हो," मी म्हटले, मुलीला कडेवर घेतले आणि निघालो. कडी लावली नाही.

अर्ध्या तासाने फाटकापाशी आरडाओरड झाली. जुन्या शहरातल्या एका शिक्षकाची चार वर्षांची मुलगी सापडत नव्हती. मी साध्या कपड्यांतच सूत्रे हाती घेतली. फाटक लावायला सांगितले, ठाण्यात फोन करून वर्णन वायरलेसवर द्यायला लावले. दोन शिपाई आले. बाहेर शेंगा विकणारी बाई त्यांना म्हणाली, "गेटातून पोरगी नाई गेली दादा. पण त्या पिंजऱ्यावाल्याच्या मांगं मांगं फिरून राहिली होती."

हरवलेल्या मुलासोबत शेवटी दिसलेला माणूस आधी धरायचा, हे आमचे शिक्षण. मी कामगाराला तिकीट-खोलीत बसवले. मुलीचा बाप दारातच उभा होता.

"कुठे नेलीस तिला?"

"म्या कुठं नेतो साहेब? मले आधी मांगं जाऊन पाहू द्या."

"आधी उत्तर दे! काय बोलत होती ती तुझ्याशी?"

मी त्याच्या कानाखाली वाजवली. हे मी कोणत्याही कागदावर लिहिले नव्हते, आज लिहितो.

तो गाल धरून, माझ्याकडे न बघता, बापाला सांगू लागला. "गुरुजी, थे म्हणे, काका, मलेबी वाघ जवळून दाखवा. म्या म्हटलं, तिकडं जाता येत नाई बाई. तं म्हणे, मंग त्या दोघायले काहून नेलं?"

"कोण दोघं?" बापाने विचारले. "कोणाले नेलं?"

ती दोघे म्हणजे माझी मुले, हे त्या खोलीत फक्त मला आणि कामगाराला ठाऊक होते. न लावलेली कडी आठवली. मी गल्लीकडे धावलो.

दार अर्धवट उघडे होते. गल्लीच्या टोकाला, गजांपासून वीतभर अंतरावर मुलगी उभी होती. आत बिबट्या बसला होता. त्याने पंजा बाहेर काढला असता तर तिच्या तोंडापर्यंत पोचला असता. मी हाक मारणार तोच मागून कामगाराने माझ्या तोंडावर हात दाबला.

"बोंबलू नका. ते दचकलं तं पंजा मारते."

तो वळसा घालून पिंजऱ्याच्या पुढे गेला आणि मांसाची बादली गजांवर हळूहळू वाजवू लागला, रोज वाजवायचा तशी. बिबट्याने कान फिरवले, पण उठला नाही. मुलीने हात उचलून गजांकडे नेला. बादली पुन्हा वाजली. बिबट्या सावकाश उठला, आळस दिला आणि पुढच्या बाजूला गेला. मी गल्लीत शिरून तिला उचलले.

"काका, तो बसला होता ना," ती रागावून म्हणाली. "उठवला काहून?"

संध्याकाळी ठाण्यात जबाब घेतला. लिहायला हवालदार होता. मी विचारले, "गल्लीचे दार कोणी उघडे ठेवले?"

कामगाराने माझ्याकडे पाहिले. मी टेबलावरचे कागद सारखे करत होतो.

"म्याच, साहेब."

हवालदाराने ते लिहिले. 'माझे समक्ष' म्हणून खाली मी सही केली. अहवालात तर मी आणखी पुढे गेलो: 'हल्ल्याच्या पवित्र्यातील हिंस्र बिबट्यापासून जिवाची पर्वा न करता बालिकेची सुटका.' माझ्या सेवापटात बक्षिसाची नोंद झाली. कामगाराचे काम गेले. बिबट्याला धोकादायक ठरवून दुसरीकडे हलवले.

गेल्या हिवाळ्यात त्या कामगाराचे घर शोधत पातूरला गेलो. त्याने ओळखले, अंगणात खाट टाकली, चहा मागवला. मी म्हटले, "तेव्हा मी खोटे लिहिले."

"मले ठाऊक नाई का?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तं तुमी लिवलं असतं का?"

नसते लिहिले. सहज मिळालेल्या कबुलीवर मी नोकरीभर खूश होत आलो. ती घेणाऱ्याच्या खुर्चीवर कोण बसले आहे, हे कधी तपासले नाही. या प्रकरणाने मला तेवढे शिकवले, तेही नोकरी संपल्यावर.

आता सगळे छापायला देणार आहे, असे मी त्याला सांगितले. दार माझ्यामुळे उघडे राहिले, मुलगी तुझ्यामुळे वाचली, थप्पड खाल्ली ती तू. तो चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "माह्यं लिवा, नाईतं नका लिवू. पण त्या जनावराचं लिवा. तुमी त्याले हिंस्र लिवलं. पोरीले त्यानं नख तरी लावलं का?"

"नाही लावले."

"मंग तसं लिवा."