दाराआडचा शेवटचा

विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचे. मशीनला धूळ चालत नाही म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या. दुपारी बाहेर दोनच जोड दिसायचे, एक माझा आणि एक त्या काकांचा.

काका पन्नाशीचे, बंद पडलेल्या कारखान्यातले. त्यांचा कोर्स कधीच संपलेला, तरी रोज येऊन ते बंदुकीने राक्षस मारायचा खेळ लावायचे. आमच्याकडे त्या खेळाचा पहिलाच भाग होता. पोरं त्याला आठवड्यात कंटाळली. काकांना मात्र त्यातच रोज काहीतरी नवीन सापडायचं. दोन राक्षसांच्या मधे उभं राहून ऐनवेळी बाजूला सरकलं, की एकाचा वार दुसऱ्याला लागून ते एकमेकांशीच भांडत बसतात, हे मला त्यांनीच दाखवलं.

एकदा ते पाणी प्यायला उठले. पडद्यावर बंद दाराआड एक राक्षस गुरगुरत होता. मी दार उघडून त्याला मारला.

"काका, एक राहिलेला, उडवला मी."

ते ग्लास हातात धरून पडद्याकडे बघत राहिले.

"मुद्दाम ठेवलेला, मॅडम. सगळे मेले की फार शांत होतं. मग इथं नि घरी फरक काय?"

त्यांनी खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला.

मशीनजवळ खायचं नाही, हा नियम माझाच. दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसायला लागले. बोलणं असं व्हायचं नाही. डब्याचं झाकण वाजलं, की ते मान न वळवता नुसतं "हूं" करायचे.