मीठ-मिरच्या

शेजारी कुणाची तरी दृष्ट काढली असावी, जळक्या मिरच्यांचा वास आमच्या अंधेरीच्या फ्लॅटभर पसरला आणि मला खारदांड्याच्या कोळीवाड्यातली ती नववीतली मुलगी आठवली. तिथल्या शाळेत मी आठवड्यातून एकदा जायचे. राग आला, ताण आला तर काय करायचं, घरच्यांशी कसं बोलायचं, हे मुलांना शिकवायला. खिडकीतून सुकत्या बोंबलांचा वास यायचा, आणि बाहेर बायका साधं बोलत असल्या तरी भांडण चाललंय असं वाटायचं. घरी ओरडू नका, आधी शांत श्वास घ्या आणि 'मला असं वाटतं' अशी सुरुवात करा, असं मी सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात ती तणतणतच आली. "टीचर, तुम्ही सांगितलं तसं हळू बोलले ना, तर आईने ताप बघितला. ताप नाही म्हटल्यावर मीठ-मिरच्या घेऊन दृष्टच काढायला बसली." सगळा वर्ग हसून लोळला. मग काय केलंस, मी विचारलं. ती म्हणाली, "ओवाळताना ती माझ्याकडेच बघत होती ना, मग सांगून टाकलं. गणिताच्या पेपरला काही म्हणजे काही आठवत नाही. मिरच्या तशाच मुठीत धरून तिने सगळं ऐकलं." माझा मुलगा यंदा दहावीला आहे. तो दार लावून बसतो, आणि मी बाहेरून अगदी शिकवल्यासारखी शांत आवाजात बोलत असते. आज मी स्वयंपाकघरात गेले, मुठीत मीठ-मिरच्या घेतल्या आणि त्याचं दार वाजवलं.