आठातले चार

गाडीचा सौदा मी तीन महिने चालवला होता. नाना पेठेत जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकून वर आलेला माणूस मी. दोनदा चहा पाजला म्हणून सही करणारा नव्हे. आठ सिलिंडरची स्पोर्ट्स कार आणि वर वाढीव वॉरंटी फुकट, एवढं पदरात पाडूनच उठलो. सगळं विचारलं. एकच राहिलं, कारण ते विचारावं लागेल असं कुणाच्या मनात येईल?

पहिल्याच आठवड्यात कात्रजच्या नव्या बोगद्यात ते कळलं. एकाच संथ वेगात चाललो होतो. इंजिनाचा भरदार आवाज भिंतींवरून परत येत होता आणि मधेच तो अर्धा झाला. हिसका नाही, धक्का नाही. आठ जण बोलत असताना चौघांनी एकदम गप्प व्हावं आणि उरलेल्यांनी काही घडलंच नाही असं दाखवत बोलत राहावं, तसं. मी मागच्या सीटकडे वळून पाहिलं. का पाहिलं, ते आजही सांगता येत नाही.

शोरूममध्ये जाऊन आवाज चढवला.

"इंधन वाचावं म्हणून गाडी स्वतःच चार सिलिंडर बंद करते, सर," सेल्समन म्हणाला.

"मग अर्धी किंमत परत करा."

"जागे होतात ना परत. किंमत जागेपणाची धरा."

बंद करायला बटण नव्हतं. माझ्या जुन्या मेकॅनिकने काडेपेटीएवढी एक डबी आणली. स्टिअरिंगखाली स्कॅनर लावायचं सॉकेट असतं, त्यात ती खोचली की आठही सिलिंडर चालू राहतात. "सर्व्हिसिंगला नेताना काढा," तो म्हणाला. "कंपनीने पाहिली तर इंजिनाचं काहीही झालं तरी हिच्यावर ढकलतील. वॉरंटी गेलीच समजा."

काही महिने आठही जण बोलत राहिले. खंडेनवमीला बायकोने गाडीची पूजा केली, आणि गुडघे टेकून स्टिअरिंगखालच्या डबीलाही ओलं कुंकू लावलं. "अहो, नवीन यंत्र आहे, राहायला नको." मी हसलो.

सर्व्हिसिंगच्या सकाळी कर्वेनगरला घराखालीच डबी काढून शर्टाच्या खिशात टाकली. हायवेवर वारज्याच्या पुढे चौघे पुन्हा गप्प झाले. इतक्या दिवसांनी. मी पाय दाबला, तेव्हा ते उठले. पण कानाला आता सवय झाली होती. तिघेच आले. चौथ्याच्या जागी टक, टक, टक. बंद दाराआडून कुणी बोटाच्या पेराने वाजवावं, तसं.

सर्व्हिस सेंटरचा फोरमन निवृत्तीला आलेला. त्याने लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "एक उठत नाही." मग टॉर्च घेऊन तो स्टिअरिंगखाली वाकला. बराच वेळ वर आलाच नाही.

"साहेब, इथे काय होतं?"

मी वाकलो. सॉकेटभोवती वाळलेलं कुंकू होतं आणि मधोमध कोरी, स्वच्छ चौकट. डबीच्या मापाची. ती तिथे असताना इतकी ठळक कधीच दिसली नव्हती.

"आमच्याकडे गाडीची पूजा करतात."

"आमच्याकडेही करतात. हवेची नाही करत."

माझं डोकं फिरलं. अर्धं इंजिन झोपतं हे लपवून विकायचं आणि वर माझी झडती घ्यायची, असं बरंच बोललो. डबी होती तोवर सगळं धडधाकट होतं, बिघडलं ती काढल्यावर. पण तेवढंच वाक्य मला बोलता येत नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि वॉरंटीचा फॉर्म पुढे केला. त्यात छापलं होतं: वाहनाला बाहेरचं कोणतंही उपकरण जोडलेलं नव्हतं. खिशातली डबी छातीला लागत होती. खरं सांगितलं तर इंजिनाचा सगळा खर्च माझ्या गळ्यात.

मी सही केली.

फोरमनने परत वाकून अंगठ्याने कुंकू पुसलं.

"का पुसलंत?"

"फोटो काढायचे आहेत."

मग त्याने फॉर्म उचलला. माझ्या सहीशेजारी त्याच्या अंगठ्याचा लाल ठसा उमटला. दोघांनीही तो पाहिला. कागद तसाच कंपनीकडे गेला.

इंजिनाचे भाग वॉरंटीत बदलून मिळाले. गाडी देताना तो म्हणाला, "आता सॉकेटचा फोटो फाइलमध्ये आहे. दर वेळी ताडून बघतील. झोपतात त्यांना झोपू द्या."

डबी देवघरात आहे. पूजलेली वस्तू टाकायची नाही म्हणून बायकोने ठेवली. मी बोगद्यात शिरताना रेडिओ बंद करतो. चौघे गप्प होतात. बाहेर पडताना पाय दाबतो आणि मोजतो. एक, दोन, तीन. चौथा येतो. नवा भाग आहे, येणारच. पण किंचित मागून येतो, आणि तोवर मी श्वास घेत नाही.